देवळालीचे गणितानंद

कला शाखेच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एका गणितज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेचा निरोप घेताना गणितालाही दोन्ही हात जोडून निरोप दिला. त्यानंतर कोणी संख्येचे नाव काढले तरी आपण पान उलटतो. पण येथे थोडे थांबावे, अशी विनंती आहे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ते विद्यापीठातले कोणी विभागप्रमुख नव्हते, साधे शाळामास्तर होते. ज्याला बेरीज, वजाबाकी आणि थोडाफार गुणाकार येतो त्याला त्यांचे पुष्कळसे गणित कळते. आणि त्यांच्या आयुष्याने आपल्यापुढे जो प्रश्न ठेवला आहे तो तर गणिताचा नाहीच. कोणी पाहत नसताना, कोणी वाहवा करीत नसताना, ज्याला बाजारात कवडीही मिळत नाही असे काम माणसाने जन्मभर का करावे, हा तो प्रश्न होय.

दुसरे कारण आपल्या गावाच्या नावातच आहे. आपण पत्ता लिहिताना नुसते धामणगाव लिहीत नाही, धामणगाव रेल्वे लिहितो. आपल्या स्टेशनावरून मुंबईकडे निघालेली गाडी बडनेरा, अकोला, भुसावळ, चाळीसगाव, मनमाड करीत नाशिकरोडला पोहोचते आणि लगेच पुढे देवळाली हे स्टेशन लागते. मग इगतपुरीचा घाट उतरून कल्याण, आणि कल्याणनंतर डोंबिवली. हा सारा मार्ग एके काळी जी. आय. पी. रेल्वेचा होता, आज मध्य रेल्वेचा आहे. या मार्गावरील देवळालीत आपल्या चरित्रनायकाचे सारे कर्ते आयुष्य गेले, आणि डोंबिवलीने त्यांच्या पहिल्या लाडक्या संख्यांना नाव दिले. म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आपल्याच रुळांवरचे गृहस्थ म्हणावयास हरकत नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ग्रहांची फळे खरी ठरोत वा न ठरोत, त्या आकडेमोडीची गोडी मात्र मुलाला लागली. आईविना वाढणाऱ्या त्या मुलाला अंकांचा सहवास लाभला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. तेथेही अवघड कोडी सोडविण्यात त्यांचे तासन् तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय म्हणजे रँग्लर परांजपे यांची कर्मभूमी. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली अग्रस्थान मिळविणाऱ्या रघुनाथराव परांजप्यांचे नाव त्या काळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक हुशार मुलाच्या कानावर असे. त्यांच्याच नावाने ठेवलेले, गणितातील स्वतंत्र लेखनासाठीचे पारितोषिक १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. येथे त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. पुढची पदवी नाही, परदेशगमन नाही, संशोधनासाठी मार्गदर्शक नाही. १९३० साली ते देवळालीस शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षे त्यांनी हातात खडू घेऊन मुलांना शिकविले.

देवळाली हे लष्कराच्या छावणीचे गाव. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई येथे जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. त्या रिकाम्या वाट पाहण्याने काहींचे डोके फिरे. म्हणून इंग्रजी बोलीत देवळालीच्या नावाचाच अपभ्रंश होऊन भ्रमिष्ट या अर्थाचा एक शब्द रूढ झाला आणि तो आजही इंग्लंडमध्ये वापरात आहे. याच गावात राहून एक मास्तर आयुष्यभर आकड्यांशी बोलत राहिला. त्यांनाही जगाने वेडे ठरविले असल्यास त्यात नवल नाही. पण शिपायांचे वेड रिकामपणातून आलेले होते. यांच्या वेडाला रिकामपण ठाऊकच नव्हते.

आता त्यांचे काम पाहू. डोंबिवलीच्या स्टेशनाचे नाव त्या काळी डेम्लो असेही घेतले जाई. तेथे असताना एका प्रकारच्या संख्यांचा विचार त्यांच्या मनात प्रथम आला, म्हणून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करीत नऊ एकांपर्यंत गेले म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. अंक एकेक पायरी चढत नवापर्यंत जातात आणि तशाच पायऱ्यांनी उतरून येतात. अशा आणि याहून व्यापक प्रकारच्या संख्यांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. प्राध्यापक गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला त्याविषयीचा निबंध १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला, आणि १९४८ साली त्याचे पुस्तक झाले. स्टेशनावर गाडीची वाट आपणही पाहतो. आपण घड्याळ पाहतो, त्यांनी संख्या पाहिल्या, एवढाच काय तो फरक.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या संख्येमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे चारही अंक सारखे नसावेत इतकीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यांत मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानांत लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली तर ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी शेवटच्या स्टेशनावर येऊन थांबली. प्रारंभी कोणतीही संख्या घ्या, अधिकांत अधिक सात वजाबाक्यांत आपण ६१७४ वर येऊन पोहोचतोच. हा शोध १९४६ सालचा. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या एका गणितविषयक नियतकालिकात त्याविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. आज या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

पण या एका गमतीमुळे कापरेकरांना ओळखणे म्हणजे एखाद्या कवीला एकाच गाजलेल्या गीतावरून ओळखण्यासारखे आहे. त्यांचे खरे कार्य संख्यांची कुळे शोधण्याचे आहे. आपण संख्येकडे पाहतो ते ती केवढी मोठी आहे, एवढ्यापुरते. पगार किती, गुण किती, शेताचे उत्पन्न किती. कापरेकर पाहत ते ती कोण आहे, कोणापासून आली आहे आणि तिचे भावंड कोण, हे. ४५ घ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, आणि मिळविले की पुन्हा ४५. (इसवी सनाचे २०२५ हे वर्ष या कुळातल्या संख्येचा वर्ग होते, हे जाता जाता सांगावयास हवे.) २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. १४२८५७ ही संख्या तर आपल्या सर्वांना एकाला सातांनी भागताना भेटलेली असते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातले २०४०८ आणि १२२४४९ मिळविले की पुन्हा १४२८५७. या कुळाला आज कापरेकर संख्या असे नाव आहे.

दुसरे कूळ हर्षद संख्यांचे. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि तिने १२ भागले जातात. रामानुजनांच्या आठवणीत अमर झालेली १७२९ ही संख्याही हर्षदच आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ येते आणि भागाकार ३४३, म्हणजे सातांचा घन. तेव्हा तीही हर्षदच. एका माणसाला जसे कूळ असते, गाव असते, धंदा असतो, तसे एकाच संख्येवर अनेक कुळांचा हक्क पोहोचतो, हे त्यांनी दाखविले.

मात्र या कुळांमधले सर्वांत रम्य कूळ स्वयंभू संख्यांचे, आणि ते समजण्यासाठी पुन्हा आपल्या रेल्वेकडे यावे लागते. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. म्हणजे पुढचे स्टेशन आले. १६ अधिक १ अधिक ६ म्हणजे २३. २३ अधिक ५ म्हणजे २८. येथे १६ ही २३ ची जनक, आणि २३ ही २८ ची जनक. प्रत्येक संख्येला असा जनक असतो का? नाही. २० ला नाही, ३१ ला नाही, ८६ ला नाही. आपल्या जपमाळेच्या मण्यांची जी संख्या, त्या १०८ लाही नाही. ज्यांना जनक नाही त्या स्वयंभू. पाषाणातून आपोआप प्रकटलेल्या देवाला आपण ज्या शब्दाने ओळखतो, तोच शब्द कापरेकरांनी या संख्यांना दिला. त्यांना देवळाली संख्या असेही नाव त्यांनी दिले होते. अशा संख्या कधी संपत नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले.

आता याच्या उलट प्रश्न. एखाद्या संख्येला दोन जनक असू शकतात का? १ पासून एक गाडी सोडू. तिची स्टेशने अशी: १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. दुसरी गाडी ८६ या स्वयंभू संख्येपासून सोडू: ८६, १००, १०१. दोन्ही गाड्या १०१ वर येऊन मिळाल्या, आणि तेथून पुढे त्यांचा मार्ग एकच. अशा संख्येला कापरेकरांनी जंक्शन असेच नाव दिले. आपल्याला बडनेरा ठाऊक असल्याने जंक्शन म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. १०१ हे सर्वांत लहान जंक्शन. त्याचे जनक दोन, ९१ आणि १००.

दोन मार्ग मिळतात हे पाहिल्यावर सामान्य माणूस समाधान पावला असता. कापरेकरांनी पुढचा प्रश्न विचारला: तीन मार्ग कोठे मिळतात? तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १००००००००००००१ आहे. एकावर बारा शून्ये आणि शेवटी पुन्हा एक, म्हणजे दहा लाख कोटी एक. १०१ पासून एकदम दहा लाख कोटींवर उडी. मग चार मार्ग कोठे मिळतात?

त्याचे उत्तर कापरेकरांना ७ जून १९६१ रोजी सापडले. ती संख्या पंचवीस अंकी आहे. आधी एक, मग एकवीस शून्ये, आणि शेवटी १०२:

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

वाचण्याच्या सोयीसाठी येथे मध्ये थोडी जागा सोडली आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यास्थानांची जी नावे दिली आहेत त्यांत शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या हिशेबाने ही संख्या एक कोटी परार्ध एकशे दोन अशी वाचता येईल. ज्या ठिकाणी प्राचीनांनी नावे देणे थांबविले, त्याच्याही कोटीपट पुढे जाऊन देवळालीच्या मास्तरांनी एका विशिष्ट संख्येचे चार जनक नेमके ओळखले. यंत्र नव्हते. कागद होता, पेन्सिल होती आणि बुद्धी होती.

एवढी प्रचंड संख्या हाताने कशी सापडेल, असे वाटते. पण युक्ती पाहिली की ती संख्या आपल्या ओळखीची वाटू लागते. एक कोटी परार्धाच्या थोडे अलीकडे जी संख्या असते तिच्यात नऊच नऊ भरलेले असतात. त्यामुळे तिच्या अंकांची बेरीज मोठी येते आणि तिची उडी लांब पडते. जी संख्या थोडी पलीकडे असते तिच्यात शून्येच शून्ये असतात, म्हणून तिची उडी आखूड पडते. अलीकडच्या बाजूला १०७ ने कमी असलेली संख्या २०९ ची उडी घेते, आणि ९८ ने कमी असलेली २०० ची. पलीकडे ९१ ने अधिक असलेली संख्या ११ ची उडी घेते, आणि १०० ने अधिक असलेली २ ची. चौघी येऊन पडतात त्या एकाच ठिकाणी, एक कोटी परार्ध एकशे दोनवर. पलीकडच्या दोन जनकांच्या शेवटी ९१ आणि १०० आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आपले ते छोटे १०१ चे जंक्शनच या अफाट संख्येच्या पोटात लपलेले आहे. लहान गोष्ट नीट पाहिली असेल तर मोठी गोष्ट अनोळखी राहत नाही, हा गणितापलीकडेही उपयोगी पडावा असा धडा आहे.

हे सारे घडत असताना विद्वानांच्या जगात कापरेकरांचे स्थान काय होते? प्रांजळपणे सांगावयाचे तर फारसे नव्हते. भारतातील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळासारखे वाटे. त्यांच्या पुस्तिकांपैकी बहुतेक त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. परिषदांना ते पदरमोड करून जात. शिक्षकाच्या पगारात हे कसे भागवीत असतील याची कल्पना शिक्षकांच्या घरातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांना सहज येईल.

विद्वानांचा आक्षेप अगदीच निराधार होता असेही म्हणता येणार नाही. तो नीट समजून घेतला पाहिजे. अंकांच्या बेरजेवर किंवा मांडणीवर अवलंबून असणारे गुणधर्म आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसतात. आपल्याला दहाऐवजी बारा बोटे असती तर ६१७४ ची जादू नाहीशी झाली असती. संख्या तीच राहिली असती, पण तिचा पोशाख बदलला असता. रामानुजनांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात याच कारणासाठी अशा गमतींना खऱ्या गणिताच्या पंक्तीत बसविण्याचे नाकारले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ९८०१ ही संख्या आहे, कारण तिचे अंक उलटे केले की १०८९ येतात आणि त्यांची नऊपट पुन्हा ९८०१ होते. योगायोग असा की ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक ०१ बरोबर ९९. म्हणजे हार्डींनी जिला दारातूनच परत पाठविले, तिच्या घरच्या माणसांची कापरेकरांनी आपल्या ओसरीवर विचारपूस केली.

या दोघांत बरोबर कोण? माझ्या अल्पमतीला असे वाटते की दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. हार्डींना पर्वतांची शिखरे हवी होती. कापरेकरांना वाटेवरच्या गारगोट्या दिसल्या. पण गारगोट्या गोळा करणारा माणूस त्यांना शिखरे म्हणून विकत नव्हता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्याने आपल्या आनंदाला आनंदच म्हटले, आणि लोकांनीही त्यांना गणितानंद हे नाव दिले. आणि हेही विसरता कामा नये, की तेच प्रश्न पुढे दूरदेशीच्या लोकांनी स्वतंत्रपणे विचारले. १९७३ साली कोलंबिया देशातील बर्नार्डो रेकामान यांनी अमेरिकेतील प्रतिष्ठित गणित मासिकात स्वयंभू संख्यांचाच प्रश्न मांडला, आणि त्या संख्यांना कोलंबियन संख्या असे दुसरे नाव पडले. हर्षद संख्यांना १९७७ नंतर अमेरिकन गणितज्ञ आयव्हन निव्हन यांच्या नावानेही ओळखू लागले. यात कोणी कोणाचे चोरले असे नाही. पण देवळालीत तो दिवा कितीतरी आधी लागला होता, आणि तो फार लांबून दिसत नव्हता, एवढे मात्र खरे.

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. निवृत्तिवेतन संसाराला पुरेसे नव्हते. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांना दिवस काढावे लागले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. साठी उलटलेला एकटा माणूस, हाताशी तुटपुंजा पैसा, आणि ज्या कामात जन्म घातला त्याची फारशी कोणी दखल घेतलेली नाही. अशा वेळी कोणीही वह्या गुंडाळून ठेवल्या असत्या. त्यांनी ठेवल्या नाहीत. स्वयंभू संख्यांवरची त्यांची एक पुस्तिका निवृत्तीनंतर, १९६३ सालीच निघाली.

आणि मग १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या गणितविषयक सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्या अवतरल्या. हे सदर जगभर वाचले जाई. वयाच्या सत्तराव्या वर्षी देवळालीचे निवृत्त मास्तर एकाएकी अनेक देशांच्या गणितप्रेमींना ठाऊक झाले. ती पंचवीस अंकी संख्या आणि ती सापडल्याचा दिवसही गार्डनरांनी तेथे नोंदविला आहे. घरच्यांनी ओळखावयास बाहेरच्यांची शिफारस लागावी, हा आपला जुना दोष आहे. कापरेकरांच्या बाबतीतही तो चुकला नाही.

१९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर संगणकाचे युग अवतरले आणि त्यांच्या संख्यांना नवे दिवस आले. आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ६१७४ चा नमुना सरावासाठी दिला जातो. जंक्शन संख्यांवर मॅक्स अलेक्सेयेव आणि नील स्लोन या दोघा संशोधकांनी २०२१ साली स्वतंत्र निबंध लिहिला आणि त्याच्या नावातच कापरेकरांचे नाव घातले. चारानंतर पाच जनक असलेली संख्या कोणती, हा प्रश्नही अभ्यासिला गेला. ती सर्वांत लहान संख्या लिहावयाची झाली तर तिच्या अंकांचीच संख्या एक लाख अकरा हजार कोटींच्या वर जाते. जगातले सारे वार्षिकांक एकत्र केले तरी ती मावणार नाही. आणि तरीही तिच्या अगदी शेवटी अंक आहेत ते १०२ हेच. म्हणजे त्या शेपटीतही आपले १०१ चे जंक्शन शाबूत आहे.

प्रारंभी विचारलेला प्रश्न आता पुन्हा घेऊ. माणसाने असे काम का करावे? आपण आडगावच्या महाविद्यालयात शिकतो, आपल्याकडे मोठी ग्रंथालये नाहीत, मोठे मार्गदर्शक नाहीत, आपण लिहिलेले कोण वाचणार, असे आपण वारंवार म्हणतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण कापरेकरांना यापेक्षा अधिक काही मिळाले नव्हते. मान्यता मिळाली तर काम करीन, असे म्हणत ते थांबले असते तर सत्तराव्या वर्षी मान्यता देण्यासारखे काही उरलेच नसते. १९६१ च्या त्या जूनमध्ये ती संख्या सापडली तेव्हा टाळ्या वाजवावयास बहुधा कोणीच नव्हते. तरी चार मार्ग एका ठिकाणी मिळालेले पाहण्याचे सुख पूर्णपणे त्यांचे होते. ते कोणी दिले नव्हते, म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नव्हते.

शेवटी एक छोटासा हिशेब. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५. त्यावर त्यांचीच रीत चालवून पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या, म्हणजे या रीतीत जास्तीत जास्त जितका लांबचा प्रवास होऊ शकतो तितका. आता मृत्यूचे वर्ष १९८६ घेऊ. ९८६१ − १६८९ = ८१७२. पहिल्याच पायरीला आपण जन्मवर्षाच्या मार्गावरील दुसऱ्या स्टेशनावर येऊन मिळालो. पुढचा सारा मार्ग एकच आणि मुक्कामही एकच. आपल्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना हाताशी कागदाचा कपटा आणि पेन्सिल असेल, तर वाचकांनी आपापले जन्मवर्ष घेऊन हा प्रवास एकदा करून पाहावा.